सात थर पाठ आहेत, पण युजरला पहिला प्रश्न काय विचारशील?

नाशिकच्या सातपूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा बीसीए झाला, वर हार्डवेअर-नेटवर्किंगचा क्लास केला. अंबडच्या एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्टच्या मुलाखतीला गेला. "युजरचा फोन आलाय, इंटरनेट चालत नाही म्हणतो. काय करशील?" असं विचारल्यावर त्याने ओएसआय मॉडेलचे, म्हणजे नेटवर्कचं काम समजावणाऱ्या पुस्तकी आराखड्याचे, सातही थर धडाधड म्हणून दाखवले. पाच मिनिटांत बाहेर. आता कर्ज काढून आणखी एक मोठा कोर्स लावावा का, असं वडील विचारतात.

दादा, कर्ज आत्ता काढू नका.

सात थर पाठ आहेत म्हणजे पोराने अभ्यास केलाय. पण समोरच्या माणसाला ऐकायचं होतं की हा मुलगा युजरला पहिला प्रश्न कोणता विचारतो. फक्त तुमचंच बंद आहे की शेजारच्या टेबलावरचंही? सकाळी चालू होतं का? टेबल हलवलं, काही बदललं? एकट्याचंच बंद असेल तर केबल, वायफाय, आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) बघायचा. सगळ्या मजल्याचं बंद असेल तर स्विच, राउटर नाहीतर बाहेरची लाइन. त्या एका प्रश्नाने निम्मी शोधाशोध वाचते.

मग आयपी. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ता आलेला नाही, विंडोजने आपला आपण घेऊन ठेवलाय. आयपी नीट आहे, गूगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला पिंगही जातंय, म्हणजे तिकडून उत्तर येतंय, पण साइट नावाने उघडत नाही, तर डीएनएसवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणाऱ्या सेवेवर, संशय घ्यायचा. यातलं बरंचसं तुमच्या मुलाला येत असणार. एवढंच की त्याने ते या क्रमाने, मोठ्याने कधी बोलून बघितलेलं नाही.

मी स्वतः अशा मुलाखतींच्या पॅनेलवर बसले आहे. एकदा आम्ही क्लिप तुटलेली नेटवर्क केबल मुद्दाम पीसीला अर्धवट लावून ठेवली होती. पहिल्या तिघांनी खुर्चीवर बसल्या बसल्या सेटिंग उघडल्या. चौथी मुलगी सिन्नरहून एसटीने आलेली. ती ओढणी खोचून टेबलाखाली वाकली, पोर्टचा दिवा लागलेला नाही हे बघितलं, केबल आत दाबली. दिवा लागला. वर येऊन म्हणाली, "चालू झालं, पण क्लिप तुटलीय, परत निघेल. केबल बदलायला लागेल." नंतर ग्रुप पॉलिसीबद्दल (कंपनीतल्या सगळ्या मशीनना एकदम नियम लावायची विंडोजची सोय) विचारलं तर सरळ म्हणाली, "हे मी केलेलं नाही." आम्ही तिलाच घेतलं. माहीत नसलेल्या गोष्टीवर थापा मारणारा मुलगा उद्या अकाउंट्सच्या मशीनवरही थापाच मारेल, ही भीती मुलाखत घेणाऱ्याला फार असते.

मुलाला एक जुना पीसी आणून द्या, दुरुस्तीच्या दुकानात स्वस्तात मिळतो. पीसी बंद करून, वायर काढून त्याने रॅम काढावी, परत चालू करून बीप ऐकावेत. मदरबोर्डवरची सेलसारखी गोल बॅटरी काढली की तारीख-वेळ का बिघडते ते बघावं. प्रिंट अडकली की प्रिंटची रांग सांभाळणारी स्पूलर सर्व्हिस रीस्टार्ट करून बघावी. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, मात्र खोलू देऊ नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज साठून राहतो. रोज एक बिघाड तुमच्या धाकट्या मुलीला मुद्दाम करायला सांगा आणि याला शोधू द्या. वहीत चारच ओळी: तक्रार काय होती, काय विचारलं, कारण काय निघालं, काय केलं. दोन महिन्यांत वही भरली की ती मुलाखतीला सोबत न्यायची.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे विंडोज ११ वरचे प्रश्न हमखास येतात. निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं हे त्याला माहीत हवंच, आणि टीपीएम चालू आहे का हे मशीनवर कुठे बघायचं तेही हाताने करून ठेवावं.

सर्टिफिकेट वाईट नाही. कॉम्पटिया ए प्लस या पीसी सपोर्टच्या परीक्षेचे दोन पेपर असतात, प्रत्येकी ९० मिनिटांचे, आणि त्यात प्रत्यक्ष बिघाड सोडवायचे प्रश्नही येतात. पण आधी वही, मग परीक्षा. तोवर कॉलेज रोडच्या क्लासवाल्यांचे फोन आले तर एवढंच विचारा: आठवड्यातून किती तास मशीन खोलायला मिळेल, आणि एका मशीनवर किती मुलं? उत्तर लगेच आलं नाही तर फॉर्मवर सही करू नका.