अंगणातली बिळे कोणाची?

प्रश्न: गणपतीनंतर ऊन पडू लागले तशी आमच्या अंगणातल्या मुरमाड जमिनीत पेन्सिल जाईल एवढी चार-पाच भोके दिसू लागली. काळी, लांबडी, कमरेला दोऱ्यासारखी बारीक आणि पोटावर तांबूस-नारिंगी रंग असलेली माशी तिथे गुणगुणत माती उकरते. काल ती स्वतःपेक्षा जाड हिरवी अळी ओढत नेत होती. घरात लहान मूल आहे. भोकांत रॉकेल ओतावे का? (सातारा जिल्हा)

उत्तर: रॉकेल नको. ही अमोफिला या गणातली (जवळच्या प्रजातींच्या गटातली), एकेकटी राहणारी गांधीलमाशी. अमोफिला म्हणजे वाळूची आवड असलेली. नेमकी प्रजाती ठरवायला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो, पण गण तुमच्या वर्णनावरूनच कळतो.

पहिली खूण कंबर. अमोफिलाची कंबर लांबच लांब असते आणि मागे हळूहळू जाड होत पोटात मिसळते. तिच्या नात्यातल्या स्फेक्सची कंबर आखूड, आणि तिच्यामागे पोट एकदम फुगलेले. दुसरी खूण माती. अमोफिला उकरलेली माती जबडा आणि पुढचे पाय यांत धरून लांब नेऊन टाकते, म्हणून भोकाशेजारी ढीग साचत नाही. कुत्र्यासारखी पायांनी भराभर वाळू मागे उडवणारी, पट्टेरी, ठेंगणी माशी दिसली तर ती बेम्बिक्स. तिचे भक्ष्य घरमाशीसारख्या साध्या माश्या.

तिसरी आणि सर्वांत भरवशाची खूण म्हणजे शिकार. बिनकेसांची अळी असेल तर अमोफिला. नाकतोडा असेल तर बहुधा स्फेक्स. रातकिडा धरलेली, निळ्या-हिरव्या धातूसारखी चकाकणारी मोठी माशी म्हणजे क्लोरिऑन. कोळी ओढत उलटी चालणारी, सतत पंख झटकणारी माशी वेगळ्याच कुळातली. घरात खिडकीच्या चौकटीला चिखलाची घरे बांधणारी कुंभारीणही कोळीच भरते, पण ती जमीन खोदत नाही.

आता डंखाविषयी. ज्या गांधीलमाश्या अंगावर तुटून पडतात त्या एकत्र पोळे करून राहणाऱ्या. पोळे राखायला त्या डसतात. अमोफिला एकटी असते आणि माणसापासून बीळ राखत नाही. तुम्ही हातभर अंतरावर बसलात तरी ती तिचे काम करत राहील. नराला नांगीच नसते, कारण नांगी हे मूळचे अंडी घालण्याचे अंग. मुठीत पकडली किंवा अनवाणी पायाखाली आली तर मात्र मादी डसेल, तेवढ्यापुरते मुलाला चपला घाला. चार-पाच भोके म्हणजे वसाहतही नव्हे. एकच मादी एकामागून एक बिळे खोदते.

खरा प्रश्न तिच्यापासून तुम्हाला नसून तुमच्यापासून तिला आहे. बीळ जेमतेम काही सेंटीमीटर खोल. शेणसडा घातला किंवा रोज पाइपने पाणी मारले की मातीचा थर घट्ट बसतो आणि आतले पिल्लू बाहेर येऊ शकत नाही. हातभर लांबी-रुंदीचा तुकडा कोरडा, उघडा सोडला तर पुरे.

फोटो पाठवायचा असेल तर दुपारच्या धावपळीत तिच्यामागे पळू नका. संध्याकाळी या माश्या गवताची काडी जबड्यात घट्ट धरून झोपतात, अंग तिरके ताठ ठेवून. तेव्हा मोबाइल अगदी जवळ नेता येतो. बाजूने एक फोटो, ज्यात कंबर पूर्ण दिसेल. एक वरून, पंखांच्या शिरा दिसतील असा. आणि शेजारी मोजपट्टी.

प्रश्न: माशी शिकारीला गेली असताना बिळाजवळची कुंडी फूटभर सरकवली. परत आल्यावर ती कुंडीच्या नव्या जागेजवळ शोधत राहिली. तिला वास येत नाही का? आणि दर वेळी भोक बंद करून जाण्याचा खटाटोप कशासाठी?

उत्तर: तुम्ही नकळत एक प्रसिद्ध प्रयोग केलात. निको टिनबर्गन या डच प्राणिशास्त्रज्ञाने नेदरलँड्समध्ये, मधमाश्या मारणाऱ्या फिलँथस या खोदणाऱ्या गांधीलमाशीच्या बिळाभोवती पाइनच्या फळांचे कडे मांडले. माशीला त्याची सवय झाल्यावर, ती बाहेर असताना, कडे बाजूला सरकवले. ती कड्याच्या मध्यात उतरली, बिळापाशी नाही. हे काम 1932 मध्ये छापले गेले. निघताना माशी बिळावर घिरट्या घालते, ती आजूबाजूच्या खुणा पाहून ठेवण्यासाठी. घरी करून पाहायचे तर आठ-दहा खडे गोल मांडा, दोन-तीन फेऱ्या होऊ द्या, मग वीतभर सरकवा. ती चुकलेली दिसली की खडे लगेच जागेवर ठेवा. नाहीतर टाकून दिलेली अळी मुंग्या नेतात.

भोक बंद करणे ही मुंग्या, दुसऱ्यांच्या बिळात पिल्ले टाकणाऱ्या माश्या अशा चोरांवरची उपाययोजना. तोंडाशी एखादा खडा अडकवायचा, वर माती लोटायची, डोक्याने ठोकायची. काही वेळा ती जबड्यात बारीक खडा धरून त्यानेच माती चोपते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम या अभ्यासक दांपत्याने 1898 साली कीटकाने असे हत्यार वापरल्याचे नोंदवले.

तिची स्मरणशक्ती कमी लेखू नका. बेरेंड्स या डच अभ्यासकाने 1941 मध्ये दाखवले की युरोपातली एक अमोफिला एका वेळी दोन-तीन बिळे सांभाळते. सकाळी रिकाम्या हाताने प्रत्येक बीळ उघडून पाहते आणि आत काय उरले आहे त्यावर त्या दिवशी किती अळ्या आणायच्या ते ठरते. या तपासणीच्या आधी बिळातला साठा बदलला तर ती आपला बेत बदलते. तपासणीनंतर बदलला तर सकाळच्या हिशेबानेच वागते.

प्रश्न: भृंगी अळीला डंख मारून मारून आपल्यासारखी करते, असे कीर्तनात ऐकले आहे. ती हीच का?

उत्तर: भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये ती येते, मात्र तिथे किडा भिंतीत कोंडलेला आहे, म्हणून ती जमीन खोदणारी नसून घरातली चिखलाचे घर करणारी असावी. निरीक्षण चोख आहे. अळी आत गेली, दार लिंपले, काही दिवसांनी माशी बाहेर आली. मधले अंडे तेवढे कोणाला दिसले नाही. डंख रूपांतरासाठी नसतो. अमोफिला अळीला पोटाच्या बाजूने, खंडाखंडात जिथे मज्जातंतूंच्या गाठी असतात तिथे डसते. अळी लुळी पडते पण मरत नाही, म्हणून सडत नाही. तिच्या कुशीवर माशी एक अंडे चिकटवते. त्यातून निघालेले पिल्लू ती ताजी अळी खाऊन कोष विणते.

प्रश्न: एक जुने बीळ उकरून पाहिले. कोष नव्हता, चार-पाच लहान तपकिरी गोळ्या होत्या.

उत्तर: ते बहुधा पाळत ठेवणाऱ्या करड्या माश्यांचे कोष. गांधीलमाशी शिकार घेऊन येते तेव्हा तिच्यामागे थोड्या अंतरावर, जणू दोरीला बांधल्यासारखी, एक लहान करडी माशी उडताना दिसते का पाहा. बीळ उघडून अळी आत ओढली जात असते त्या काही सेकंदांत ही करडी माशी अंडी नव्हे, जिवंत पिल्लेच टाकते. ती पिल्ले गांधीलमाशीचे अंडे संपवतात आणि साठाही. म्हणून पाठलाग होतोय असे वाटले की अमोफिला कधीकधी अळीसकट बराच वेळ निश्चल बसून राहते. तेव्हा ती दमली आहे असे समजून तिला डिवचू नका.