धोक्याच्या परिस्थितीत राहताना रोजची नोंद ठेवून पुढे काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की घरात मारहाण, धमक्या चालू आहेत, मैत्रीण म्हणते लिहून ठेव, आणि घरातले म्हणतात लिहिल्यानं भांडण वाढतं. उपयोग होतो. आज रात्रीपासून लिहा.

मी बीड जिल्ह्यातली, मायबाप ऊसतोडीला जायचे. 2009 च्या दिवाळीनंतर गावी मला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून आठवीतून मलाही फडावर नेलं. कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, चाळीस हजार उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली. दोघांनाही वाचता येत नव्हतं, त्यामुळे हिशोब सगळा मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, डायरीत. बाप रात्री टायरगाडी खाली करून यायचा आणि कारखान्याच्या वजनकाट्याची पावती सकाळी मुकादमाला द्यायची असायची. मधल्या वेळात चिमणीच्या उजेडात मी ती वहीत उतरवून घ्यायचे. "16 डिसेंबर. 2 टन 140. मायला ताप. मुकादम म्हणाला, उद्या न्हाई आली तर खाडा." एवढंच. वही बाजरीच्या पिठाच्या पिशवीत खुपसलेली असायची.

मार्चात हिशोब झाला. मुकादम म्हणाला उचलीतले सतरा हजार अजून फिरतात, म्हणजे देणं बाकी आहे, फेडल्याशिवाय बैल सुटायचे नाहीत. माझ्या वहीत साडेअकरा येत होते. चार माणसांसमोर मी तारखेवार वाचून दाखवलं. रोजच्या रोज लिहिलेल्या एकाही आकड्याला त्याला हात लावता आला नाही. पण जानेवारीत मी आजारी होते, ते आठ दिवस नंतर आठवून लिहिलेले, सगळे एकाच शाईत. ते त्यानं बरोबर पकडलं आणि तेवढे त्याच्या मनासारखे झाले. साडेबारा हजारावर मिटलं.

चुलता आजही म्हणतो, पोरीच्या वहीनं मुकादम तुटला, पुढच्या साली उचल मिळाली नाही. काका, उचल मिळाली नाही हे खरं आहे. पण साडेचार हजार वाचले तेही त्याच वहीनं, आणि तुमच्याकडे वही नव्हती म्हणून तुमचे किती गेले हे तुम्हालाही सांगता येत नाही.

कायद्याचं सांगते. साक्ष देताना, घटनेच्या वेळी किंवा लगेच नंतर स्वतः लिहिलेलं पाहून आठवण ताजी करता येते. जुन्या 1872 च्या कायद्यात हे कलम 159 होतं, आता भारतीय साक्ष अधिनियम 2023 मध्ये 162 आहे. समोरच्या बाजूलाही तो कागद बघायचा हक्क असतो, म्हणून शिव्याशाप लिहीत बसू नका. तारीख, वेळ, कोण हजर होतं, नेमके शब्द काय, कुठं लागलं, कोणत्या दवाखान्यात गेलात, हे लिहा. मोबाइलमधले फोटो, रेकॉर्डिंग चालतात, पण कोर्टात त्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेव्हा मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात संरक्षण अधिकारी असतो, त्याच्याकडे जाताना ही वही न्या.

एक आधीच सांगायला हवं होतं. वही सापडली तर जीवावर बेतेल असं वाटत असेल तर घरात ठेवू नका. शाळेतल्या बाई, आशाताई, माहेरची वहिनी, कुणाकडे तरी पानं देत जा. आणि अंगावर हात पडतोय त्या वेळी लिहिणं सोडा, 112 (पोलीस मदत) नाहीतर 181 (महिला हेल्पलाइन) लावा.

तुम्हाला एवढं लांबण लावलं त्याचं कारण एक पान आहे. एका रात्री मुकादम आमच्या कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, शिरला, बाप काट्यावर होता. माय कोयता घेऊन उभी राहिली तेव्हा गेला. मी सगळं लिहिलं होतं. सकाळी माय म्हणाली, "फाड ते पान. कुणी वाचलं तर तुझं लगीन व्हायचं न्हाई." मी फाडलं, चुलीत घातलं. दोन वर्षांनी त्याच टोळीतल्या एका बाईनं त्याच्याविरुद्ध तोंड उघडलं आणि तिनं आम्हाला साक्षीला बोलावलं. आम्ही गेलो. पहिलाच प्रश्न तारखेचा आला. माय म्हणाली संक्रांतीच्या आधी, मी म्हणाले नंतर. अजूनही आमचं त्यावर एकमत नाही.