अँटेना बदलू नका, केबल आखूड करा

प्रश्न : आमचं घर आंबोली घाटाच्या पायथ्याशी आहे. अंगणाच्या कोपऱ्यात मोबाइलला चांगली रेंज येते, माजघरात जेमतेम. लेक पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते, म्हणून सिमवर चालणारा फोर-जी राउटर आणि बाहेरचा अँटेना घेतला. बसवणाऱ्याने अँटेना माळ्यावर, पत्र्याखाली लावला आणि १५ मीटर केबल ओढून राउटर माजघरात ठेवला. नेट आधीपेक्षाही संथ झालं. मोठा अँटेना घ्यावा का?
— एक वाचक भगिनी, तालुका सावंतवाडी

उत्तर : नाही ताई, त्यावर आणखी पैसे घालू नका. घात केबलने केला आहे. अँटेनाबरोबर मिळते ती बारीक काळी केबल बहुधा आरजी-५८ जातीची असते. मोबाइलच्या १८०० किंवा २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी तिच्यातून नेल्या, की दर १० मीटरमागे ७ ते १० डेसिबल (सिग्नलची वाढ-घट मोजायचं माप) गळतात. ३ डेसिबल गेले म्हणजे सिग्नल निम्मा झाला आणि १० गेले म्हणजे दहावा हिस्साच उरला. तुमचा अँटेना ९-१० डेसिबल कमावत असेल, तर ते सगळं वाटेतच संपतं. त्यात वर पत्रा! कौलातून लहरी बऱ्यापैकी आत येतात, पत्र्यातून जवळजवळ नाहीच.

म्हणून राउटरच अँटेनाजवळ न्या. पडवीच्या वळचणीला किंवा तशाच आडोशाला, पावसाची झड पोचणार नाही अशा जागी, हवा खेळेल अशा प्लास्टिकच्या डब्यात तो ठेवा. माळ्यावर नको, एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली तो तापून बंद पडेल. अँटेनाची केबल दोन मीटरच्या आत ठेवा. घरात न्यायची ती लॅन केबल, म्हणजे एका राउटरमधून दुसऱ्यात नेट नेणारी वायर; ती १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते. माजघरात साधा वायफाय राउटर जोडला की झालं.

आता जागा. उंचीच्या मागे लागू नका. ज्या कोपऱ्यात मोबाइलला रेंज येते, तिथेच लोखंडी पाइप उभा करून त्यावर अँटेना लावून बघा. राउटरच्या सेटिंगमध्ये आरएसआरपी आणि एसआयएनआर असे दोन आकडे दिसतात. पहिला सिग्नलचा जोर सांगतो आणि उणे असतो. उणे ११० पेक्षा उणे ९० चांगला. माझी भिस्त दुसऱ्यावर असते, कारण सिग्नल किती स्वच्छ आहे ते तो सांगतो. शून्याच्या आसपास असेल तर नेट रखडणारच, १३ च्या वर गेला तर लेकीची मीटिंग अडकू नये. अँटेना थोडा फिरवा, अर्धा मिनिट थांबा, आकडा लिहून ठेवा, पुन्हा फिरवा. टॉवर डोंगराआड असेल तर सर्वांत चांगला आकडा भलत्याच दिशेला, समोरच्या उतारावरून आदळून येणाऱ्या सिग्नलवर मिळू शकतो. मिळाला तर तोच धरा. समोर फणस-आंब्याची दाट झाडी असेल तर ती टाळाच. पावसाळ्यात ओल्या पानांत सिग्नल आणखी जिरतो, आणि मेमध्ये जमलेलं गणित जुलैत बिघडतं.

अँटेनाला दोन वायरी असतील तर दोन्ही जोडा. दोन सुटे अँटेना असतील तर एक ४५ अंश डावीकडे, दुसरा ४५ अंश उजवीकडे कलता ठेवा.

जोडांवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. साधी इन्सुलेशन टेप कोकणच्या पावसापुढे टिकत नाही. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जाईल. पाइपाला इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्याच. आणि वळिवाचा गडगडाट सुरू झाला की राउटरचा प्लग आणि लॅन केबल दोन्ही काढून ठेवा, लेकीची मीटिंग चालू असली तरी.