फाटकावरचा अपघात आणि सहा महिन्यांची मुदत

आपला मुलगा शाळेच्या बसमध्ये असताना रेल्वे फाटकावरील धडकेत गेला, त्याला चौदा महिने झाले. सरकारी सानुग्रह मदत मिळाली, बसचालक व फाटकवाल्यावर खटला उभा राहिला, आणि त्याचा निकाल लागल्यावरच भरपाईचे पाहावे असे आपण ठरवले. आता दावा रेल्वेवर करावा की शाळेवर, असे आपण विचारता. अशा बहुतेक पत्रांत हाच प्रश्न आधी येतो, पण त्याआधी मुदतीचा प्रश्न सोडवावा लागेल.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 चे सध्याचे पोटकलम (3) हे 2019 च्या दुरुस्तीने आले आणि 1 एप्रिल 2022 पासून लागू झाले. त्यानुसार भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. 1994 च्या दुरुस्तीनंतर 2022 पर्यंत अशी मुदतच नव्हती, म्हणून ‘सावकाश करू’ हा सल्ला लोक, आणि खेदाने सांगतो, काही वकीलही अजून देतात. फौजदारी निकालासाठी थांबण्याचे तर काहीच कारण नव्हते. तिथे गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे निष्काळजीपणा झाल्याची शक्यता अधिक आहे एवढे दिसले तरी पुरते. शिवाय आपल्याकडील खटल्यांची गती पाहता तो निकाल किती वर्षांनी लागेल, हे कोणी सांगावे?

तरीही एक वाट शिल्लक असू शकते. कलम 159 नुसार तपासी अधिकाऱ्याने तीन महिन्यांच्या आत अपघाताचा माहिती अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि कलम 166(4) नुसार तो अहवालच भरपाईचा अर्ज मानायचा असतो. तो वेळेत पोहोचला असेल, तर मुदत पाळली गेली असे भक्कमपणे मांडता येते. त्यामुळे वकिलामार्फत न्यायाधिकरणाच्या कार्यालयात आधी याचीच चौकशी करावी. गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे नोंदलेला असेल, तर मोटार अपघाताचा हा अहवाल तिथून गेलाच असेल असे मात्र गृहीत धरू नये. अहवाल गेलेला नसल्यास विलंबाची कारणे देऊन स्वतंत्र अर्ज तातडीने दाखल करावा. या मुदतीच्या वैधतेला आव्हान दिले गेले असून, तो वाद प्रलंबित असेपर्यंत केवळ मुदतीच्या कारणाने दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला. अंतरिम आदेश बदलू शकतो; त्याच्या भरवशावर आणखी एक महिनाही घालवू नये.

दावा कोणावर, याचे उत्तर सोपे आहे: बसमालक (बस शाळेच्या मालकीची असेल तर शाळाच), चालक, विमा कंपनी आणि रेल्वे, सर्वांवर एकत्र. रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जाऊ नये, कारण रेल्वे कायद्याचे कलम 124 हे गाडीतल्या प्रवाशांसाठी आहे आणि आपला मुलगा बसमध्ये होता. अशा धडकेत मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे रेल्वेलाही प्रतिवादी करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्येच मान्य केले आहे. बसचालक आणि रेल्वे या दोघांचाही निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर संपूर्ण रक्कम त्यांपैकी कोणाकडूनही वसूल करता येते; आपसातला हिशेब त्यांनी पाहावा.

रेल्वेचा दोष दाखवायचा तर फाटक इंटरलॉक केलेले, म्हणजे ते बंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळूच नये असे जोडलेले, होते का, हे महत्त्वाचे ठरेल. तसे नसेल तर फाटक बंद झाल्याची खात्री स्टेशन मास्तर आणि फाटकवाला यांच्या फोनवरील खासगी क्रमांकांच्या, म्हणजे खूण म्हणून सांगायच्या सांकेतिक आकड्यांच्या, देवाणघेवाणीवर अवलंबून असते. तमिळनाडूत सेम्मनकुप्पम येथे 8 जुलै 2025 रोजी शाळेच्या व्हॅनला रेल्वेची धडक बसली, ते फाटकही इंटरलॉक केलेले नव्हते. आपल्या अपघाताच्या फाटकावरील या क्रमांकांच्या नोंदवह्या आणि फोनची ध्वनिमुद्रणे जपून ठेवण्याचा आदेश अर्जासोबतच मागावा. चौदा महिन्यांत त्यांतले काय उरले असेल, हे मला सांगता येणार नाही.

रकमेचा अंदाज मी देत नाही, कारण मुलांच्या बाबतीत न्यायालयांचे निकष एकसारखे नाहीत. सानुग्रह मदत घेतल्याने दावा बुडत नाही. मात्र विमा कंपनीकडून कलम 149 च्या तडजोडीच्या पद्धतीने कलम 164 खालची, म्हणजे कोणाचा दोष सिद्ध न करता मिळणारी ठरावीक, रक्कम स्वीकारली असेल, तर कलम 166 चा दावा संपुष्टात येतो. तेव्हा आपण ज्या कागदांवर न वाचता सह्या केल्याचे लिहिले आहे, त्यांच्या प्रती वकिलाकडे जाताना अवश्य न्याव्यात.