फौजेनंतर पुन्हा बाकावर

प्रश्न : सतरा वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झालो. शिक्षण बारावी, वय ३७. पंधरा वर्षांच्या सेवेवर पदवीधर धरतात म्हणे. मग कॉलेज कशाला? – एक माजी सैनिक, खटाव

उत्तर : हवालदारसाहेब, सवलत खरी, पण ती केंद्र सरकारच्या गट ‘क’ नोकऱ्यांमधल्या, माजी सैनिकांसाठी राखीव जागांपुरती. बी.एड., एम.ए.ला पदवीच लागते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू बघा; तुमच्या वयाची तिथे अडचण नाही.

मी सिग्नल्समधून, म्हणजे फौजेच्या संदेशवहन विभागातून, सुभेदार होऊन आल्यावर मुक्त विद्यापीठातूनच बी.ए. केलं. सगळ्यात जड गेलं ते लिहिणं. रेडिओवर दहा शब्दांत निरोप संपवायची सवय आणि इथे एका प्रश्नाला दोन पानं! अभ्यासकेंद्रातल्या मॅडम रविवारचा तास संपल्यावर थांबायच्या, लाल पेनाने माझी उत्तरं तपासून ‘उदाहरण कुठाय?’ म्हणायच्या. असं विचारणारं माणूस प्रत्येक कॉलेजने आमच्यासाठी नेमायलाच हवं.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) घेऊन जा, माजी सैनिकाचं ओळखपत्र काढा. आणि बारावीची मूळ गुणपत्रिका आत्ताच शोधा, प्रवेशाच्या तारखा लागल्यावर नको.