उरलेल्या लोकरीची क्रोशाची फुलं मधून उसवतात, वाटीसारखी होतात. काय चुकतंय? आणि विकायची तर किंमत काय लावावी?

उसवण्याचं आधी सांगते. त्या एका गोष्टीपायी मी लग्नाच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत कराडच्या एका मंगल कार्यालयात सुई घेऊन बसले होते.

2014 सालची गोष्ट. पुतणीचं लग्न होतं आणि जाऊबाईंनी रुखवतासाठी क्रोशाचं तोरण मागितलं. माझ्याकडे बाळंतविड्याच्या टोपड्यांची, मुलाच्या शाळेच्या स्वेटरची, कुणाच्या तरी शालीची अशी पिशवीभर लोकर उरलेली होती. ज्यांना वाटतं उरलेल्या लोकरीचं काम सोपं, त्यांनी ती पिशवी एकदा उलटी करून बघावी. एक लोकर टू प्लाय म्हणजे दोन पदरी बारीक, दुसरी फोर प्लाय म्हणजे चार पदरी जाड, राणी रंगाची जेमतेम मूठभर, आणि मोतिया रंग भरपूर असून एकाशेजारी बसेल तर शपथ. रंग लावण्यातच माझ्या दोन दुपारी गेल्या. मग बारा लडी, एकेका लडीत सात, अशी 84 फुलं झाली. एका फुलाला धागे दडवण्यासकट बारा मिनिटं धरा. नुसत्या फुलांचे जवळजवळ 17 तास झाले, जोडणी वेगळी.

सगळी अ‍ॅक्रिलिकची होती. अ‍ॅक्रिलिक निसरडं असतं, खऱ्या लोकरीसारखे त्याचे तंतू एकमेकांना धरून बसत नाहीत. म्हणून मधल्या रिंगचं शेपूट, म्हणजे ओढलं की रिंग आवळते ते सुरुवातीच्या धाग्याचं टोक, मी प्रत्येक फुलामागे बोटभर लांब ठेवलं होतं. तोरण टांगून लडींवर ताण बसला, की एकेक ओढून, सुईने फिरवून मग कापणार होते. हळदीच्या दिवशी रुखवत मांडताना जाऊबाईंना ती शेपटं दिसली. नीटनेटकं दिसावं म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातली कात्री आणली आणि सगळी बुडाशी कापून टाकली. मला विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळपर्यंत 19 फुलं उघडली. एकाचं भोक तर रुपयाच्या नाण्याएवढं झालं होतं आणि पाकळ्या गोल बसायच्या सोडून एका रेषेत लोंबत होत्या, झालरीचा तुकडा लोंबावा तशा. रात्री जेवणं आटोपल्यावर मी बारीक सुईत त्याच रंगाचा शिवणाचा दोरा घेतला, पाकळ्यांच्या बुडातून गोल धावदोरा घातला, ओढून गच्च केला आणि मागे दोनदा गाठ मारली. तुमची उसवलेली फुलं अशीच वाचतील, टाकू नका.

दुसऱ्या दिवशी रुखवताभोवती बायका जमल्या. तोरण कोणी केलं म्हणून विचारत होत्या. जाऊबाई म्हणाल्या, "आमच्या धाकटीने. उरलेल्या लोकरीचं आहे हो, फुकटात झालं."

हा शब्द मला आजही झोंबतो.

आता तुमचं. सुरुवातीला शेपूट वीतभर सोडा. पाकळ्या झाल्या की ते सुईत ओवून रिंगभोवती एकदा सुलट आणि एकदा उलट फिरवा. दिशा बदलली की धागा सरकायला जागा उरत नाही. नुसती गाठ मारून कापलंत तर अ‍ॅक्रिलिकमध्ये ती सुटणारच. वाटी होण्याचं कारण बहुतेक तुम्ही बघता त्या व्हिडिओत आहे. अमेरिकन बायका ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश बायका डबल क्रोशे म्हणतात. तो आपला मुका खांब, बुटका टाका. अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, त्याहून उंच टाका. खांबाच्या जागी मुका खांब घातला की पाकळी तोकडी पडते आणि फूल आत वळतं. व्हिडिओ कुठला ते आधी बघा. पाच पाकळ्यांचं साधं फूल मी असं करते: रिंगमध्ये दोन साखळ्या, दोन खांब, दोन साखळ्या, तिथेच स्लिप स्टिच (नुसता जोडणारा, उंची नसलेला टाका), असं पाच वेळा. तरीही वळलं तर पाकळीत एक खांब वाढवा. त्याने झालर पडायला लागली तर मात्र वाढवलेला काढा.

किमतीबद्दल मी स्पष्ट सांगते. लोकरीच्या हिशेबाने किंमत लावूच नका. एका छोट्या फुलाला दीड-दोन मीटर लोकर लागते, तिचा रुपयाही होत नाही. लोक तेवढंच बघतात आणि वर म्हणतात, "लोकर मी देते की, मग पैसे कसले?" त्याच लग्नात जाऊबाईंच्या एका मैत्रिणीने अगदी हेच म्हणून माझ्याकडून अख्खं तोरण करून घेतलं. मी केलं, नाही म्हणता आलं नाही. खरा क्रोशा यंत्रावर होत नाही, हे किती जणांना माहीत आहे? बाजारात यंत्राची म्हणून मिळते ती क्रोशासारखी दिसणारी वेगळी वीण असते. तुमच्या हातातलं प्रत्येक फूल कुणीतरी बसून, एकेक टाका मोजून केलेलं असतं. 1840 च्या दशकात आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा मठातल्या जोगिणींनी बायकांना क्रोशा शिकवला. एका घरी गुलाब व्हायचे, दुसऱ्या घरी पानं, मग ती जाळीत जोडायची, आणि त्यावर घरं जगली. आपल्याकडे आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशा लेसला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती लेस विणणाऱ्या तिथल्या बायकांवर मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1982 मध्ये पुस्तक लिहिलं. परदेशी बाजारासाठी त्या दिवसभर विणायच्या, तरी त्यांना गृहिणीच धरायचे आणि कामाला फावल्या वेळचं म्हणायचे. मजुरी अगदी तुटपुंजी. मी ते वाचलं तेव्हा मला आमचं रुखवत आठवलं.

म्हणून मी आता तासाला 100 रुपये धरते. बारा मिनिटांचं फूल 20 रुपयांना. महाग वाटेल त्याने घेऊ नये. तुम्ही नव्या असाल आणि एका फुलाला अर्धा तास लागत असेल, तर तो सगळा वेळ गिऱ्हाइकाकडून मागू नका, आधी हात बसू द्या.

दोन गोष्टी राहिल्या. अ‍ॅक्रिलिकच्या फुलाला तापलेली इस्त्री टेकवू नका, ते वितळून चपटं होतं. वरून नुसती वाफ द्या. सुती दोऱ्याचं असेल तर ओलं करून, खळ लावून, टाचण्यांनी ताणून वाळवा. आणि बाळांसाठी करत असाल तर बाळाच्या हाताला किंवा तोंडाला लागेल असं कुठेही लावू नका, कितीही घट्ट केलं तरी.

हे लिहायचं कारण म्हणजे परवाच जाऊबाईंचा फोन आला. पुतणीला मुलगी झाली, बारशाला पाळण्याच्या वरच्या दांडीला बांधायला 30 फुलं हवीत. मी सांगितलं, 600 रुपये होतील. त्या जरा थांबून म्हणाल्या, "अगं, लोकर मी पाठवते ना."

मी म्हटलं, "पाठवा, 25 रुपये कमी करते. आणि शेपटं मी कापूनच देईन."