वाचकांचे प्रश्न : बोवीचे सत्तरचे दशक

प्रश्न : ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीच्या सत्तरच्या दशकातील अल्बमांची क्रमवारी लावण्यावरून आम्हा मित्रांमध्ये बरेच दिवस वाद चालू आहे. एक गट ‘झिगी स्टारडस्ट’ला पहिले स्थान देतो, तर दुसरा ‘लो’ प्रायोगिक आहे म्हणून त्याच्या पुढे कोणालाच जाऊ देत नाही. मला स्वतःला ‘हंकी डोरी’ सर्वांत जवळचा वाटतो, परंतु त्यात गोड चालींपलीकडे काही नाही, असे म्हणून तो बाजूला सारला जातो. आपण क्रमवारी कशी लावाल? आणि ‘लॉजर’ नेहमी तळाशीच का जातो?

उत्तर : या दशकात बोवीचे अकरा स्टुडिओ अल्बम आले. त्यांपैकी ‘पिन अप्स’ हा इतरांच्या जुन्या गाण्यांचा अल्बम असल्याने तो स्पर्धेबाहेर ठेवणे योग्य, आणि ‘स्केअरी मॉन्स्टर्स’ सप्टेंबर १९८०मधला असल्यामुळे, कितीही मोह झाला तरी, त्याला या दशकात ओढून आणता येणार नाही. उरलेल्या दहांमध्ये माझ्या मते पहिला क्रमांक ‘लो’चाच आहे. मात्र तो प्रायोगिक आहे म्हणून श्रेष्ठ, हे आपल्या मित्रांचे कारण मला पुरेसे वाटत नाही.

जानेवारी १९७७मध्ये आलेल्या या अल्बमच्या पहिल्या बाजूला सात छोट्या रचना आहेत आणि दुसऱ्या बाजूला चार संथ, जवळजवळ शब्दरहित रचना आहेत. चर्चा नेहमी दुसऱ्या बाजूची होते. खरी कमाल पहिल्या बाजूवर आहे. ड्रमवादक डेनिस डेव्हिसच्या स्नेअर ड्रमचा आवाज निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीने हार्मोनायझर नावाच्या यंत्रातून असा काढून घेतला, की ठोका पडताच त्याचा सूर खाली घसरत जातो. पहिल्याच रचनेत तो कानावर पडतो आणि पुढे ठेका कितीही आनंदी असला तरी पायाखालची जमीन खचत असल्याची जाणीव सुटत नाही. ‘साउंड अँड व्हिजन’मध्ये जवळजवळ निम्मे गाणे सरल्यावर बोवी गायला लागतो, आणि आता रंगणार असे वाटते तोच गाणे विरून जाते. एकाकीपणावर भाष्य न करता तो ध्वनीतूनच ऐकवणे दशकातल्या इतर कोणत्याही अल्बमला इतके साधलेले नाही.

दुसरा क्रमांक मी ‘स्टेशन टु स्टेशन’ला (१९७६) देतो. अवघी सहा गाणी, पण शीर्षकगीत दहा मिनिटांहून मोठे. त्यात आगगाडीचा आवाज, मग तीन मिनिटांहून अधिक काळ जड पावलांचा वाद्यमेळ, आणि नंतर कुठे गायन. अमेरिकी सोल संगीताचा ठेका आणि युरोपीय यांत्रिकपणा यांची सांधेजोड येथे झाली आणि पुढचा बोवी तिच्यावरच उभा राहिला.

आता ‘हंकी डोरी’कडे वळू. आपल्या मित्रांनी ‘लाइफ ऑन मार्स’ पुन्हा लक्ष देऊन ऐकावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रिक वेकमनचा पियानो कडव्यात पायरी-पायरीने तणाव वाढवत नेतो, मिक रॉन्सनने बांधलेली तंतुवाद्ये त्याला उचलून धरतात, आणि धृपदात आवाज जेथे झेप घेतो तेथे ती झेप अटळ वाटते. इतकी विचारपूर्वक बांधणी केवळ गोड म्हणून निकालात काढणे हा गीतरचनेवर अन्याय आहे. तिसरे स्थान त्याचे, आणि ते मी निःशंकपणे देतो.

चौथा ‘हीरोज’, पाचवा ‘झिगी स्टारडस्ट’. ‘हीरोज’च्या शीर्षकगीतासाठी व्हिस्कॉन्टीने बर्लिनच्या हान्सा स्टुडिओतील मोठ्या दालनात तीन मायक्रोफोन ठेवले होते : एक बोवीच्या तोंडाजवळ, दुसरा सुमारे वीस फुटांवर, तिसरा सुमारे पन्नास फुटांवर. दूरचे दोन मायक्रोफोन आवाज चढला तरच उघडत. म्हणूनच शेवटच्या कडव्यांत तो आपल्याला ऐकू जावे यासाठी जिवाच्या आकांताने ओरडतो आहे, असे वाटते. ‘झिगी’ची कीर्ती मात्र बोवीने रंगमंचावर साकारलेल्या झिगी या काल्पनिक पात्रात, वेशभूषेत आणि प्रयोगांच्या जादूत वाटली गेलेली आहे; ३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये बोवीने त्या पात्राला दिलेला निरोप हा इतिहास असला, तरी तो अल्बमच्या गुणांत धरता येणार नाही.

‘लॉजर’ला (१९७९) मी सहावा ठेवतो. त्याला ‘लो’सारखी गूढ दुसरी बाजू नाही, आणि त्याचे ध्वनिमिश्रण दबलेले, कोंदट आहे; २०१७मध्ये व्हिस्कॉन्टीने ते नव्याने केले, ते अवश्य ऐकावे. ‘बॉइज कीप स्विंगिंग’साठी वादकांनी वाद्यांची अदलाबदल केली आणि गिटारवादक कार्लोस अलोमार ड्रमवर बसला, त्या गाण्यातला नवशिका, धसमुसळा जोम तेथून आला आहे. त्यानंतर ‘अलॅडिन सेन’, तेही मुख्यतः माइक गार्सनच्या बेभान पियानोमुळे, आणि मग ‘डायमंड डॉग्ज’, ‘यंग अमेरिकन्स’ व ‘द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड’.

प्रश्न : ‘लो’, ‘हीरोज’ आणि ‘लॉजर’ ही ‘बर्लिन त्रयी’ क्रमवारीत एकच कृती म्हणून धरावी का?

उत्तर : धरू नये. संपूर्णपणे बर्लिनमध्ये ध्वनिमुद्रित झाला तो फक्त ‘हीरोज’. ‘लो’चे बरेचसे काम फ्रान्समधील शातो देरूव्हील या स्टुडिओत झाले व ते हान्सामध्ये पूर्ण करण्यात आले, ‘लॉजर’ स्वित्झर्लंडमधील माँत्रो आणि न्यूयॉर्क येथील आहे. तिन्हींत संगीतकार ब्रायन ईनोचा सहभाग मोठा असला, तरी निर्माते बोवी आणि व्हिस्कॉन्टी हेच होते. अलोमार, डेव्हिस आणि बासवादक जॉर्ज मरे ही त्रिमूर्ती तर ‘स्टेशन टु स्टेशन’पासून ‘स्केअरी मॉन्स्टर्स’पर्यंत सलग वाजवते. तेव्हा गट पाडायचाच असेल, तर तो या पाच अल्बमांचा पाडावा.